दव, धुकं की हिम? संध्याकाळीच ओळखायचं कसं

निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदार भाऊंचा प्रश्न आहे. त्यांचे दोन प्लॉट, एक कादवा नदीच्या काठाला खोलगटात आणि दुसरा वरच्या माळावर. मधलं अंतर अर्धा किलोमीटरही नाही. तरी खालच्या प्लॉटची पानं सकाळी साडेनऊपर्यंत ओली असतात आणि वरचा प्लॉट सातलाच कोरडा. शिवाय मोबाइलवर किमान तापमान ४ अंश दाखवत होतं त्या पहाटे बांधावरचं गवत पांढरं झालं होतं. पाणी शून्याला गोठतं, मग चारला गवतावर बर्फ कसा? आणि उद्या दव येणार, धुकं येणार की हिम, हे आदल्या दिवशी कळतं का?

कळतं, बऱ्याच अंशी. अडचण अशी की आपण सगळे किमान तापमानाच्या मागे असतो. पेपरातही तेच छापून येतं, निफाडचा पारा इतका उतरला म्हणून. बागेच्या कामाला त्याहून उपयोगी दोन आकडे आहेत. एक संध्याकाळचा दवबिंदू, दुसरा पानाचं स्वतःचं तापमान. पहिला बऱ्याच हवामान ॲपमध्ये असतो, पण कोणी उघडून बघत नाही. दुसरा कुठेच मिळत नाही, तो अंदाजाने काढावा लागतो.

आधी दवबिंदू. हवेत पाण्याची वाफ असते आणि ती किती मावेल हे तापमानावर ठरतं. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना १७, १० अंशांना साडेनऊच्या आत आणि शून्याला पाच ग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे हवा थंड होत गेली की मावण्याची हद्द आत आत सरकते. आहे ती वाफ ज्या तापमानाला बरोबर काठोकाठ होते, तो दवबिंदू. त्याच्याही खाली उतरलं की जास्तीची वाफ पाणी होऊन बाहेर पडणार. पानावर पडली तर दव. हवेतच धूलिकणांभोवती थेंबुले झाले तर धुकं. ज्या पृष्ठभागावर धरायची तोच शून्याखाली असेल तर हिम. तिन्हींचं मूळ एक, फरक एवढाच की गारठा कुठे आणि किती.

ॲपवर विश्वास नसेल तर संध्याकाळी ओट्यावर स्वतः मोजता येतं. स्टीलचा पातळ पेला घ्या, कोरडा पुसून. त्यात साधं पाणी, पाण्यात तापमापक. मग बर्फाचे बारीक तुकडे एकेक टाकत चमच्याने हळू ढवळत राहा. पेल्याची बाहेरची चकाकी एका क्षणी मंद होते, बोट फिरवलं की रेघ उमटते. त्या वेळचा पाण्याचा आकडा हाच तुमच्या अंगणातल्या हवेचा दवबिंदू. तोंड लांब ठेवा, श्वासाने पेला आधीच धुरकट होतो. दोन-तीनदा करून सरासरी घेतली की एक अंशाच्या आसपास अचूकता येते, आणि बागेच्या निर्णयाला तेवढी पुरते.

बर्फ नसेल तर हिशोब आहे. शंभरातून आर्द्रता वजा करा, पाचने भागा आणि आलेला आकडा तापमानातून वजा करा. संध्याकाळी २२ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर ४० भागिले ५ म्हणजे ८, दवबिंदू १४. रात्री १० अंशांपर्यंत उतरणार असेल तर पानं भिजणार हे धरून चाला. मात्र आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की हा हिशोब फसवतो. २५ अंश आणि ३० टक्के घाला, उत्तर ११ येईल, खरा दवबिंदू सहाच्या आसपास असतो. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून कोरडं वारं सुटलं की आपल्याकडे नेमकी अशीच हवा असते. त्या दिवसांत हा हिशोब वापरू नका, पेला वापरा किंवा ॲपमधला आकडा घ्या.

आता पानाकडे वळू, कारण खरी गंमत इथे आहे. दव वरून पावसासारखं पडतं असं आपण लहानपणापासून मानतो. तसं नाही, हे विल्यम चार्ल्स वेल्स नावाच्या लंडनच्या डॉक्टराने १८१४ साली निबंध लिहून दाखवून दिलं. त्याने लोकरीचे मोजून घेतलेले झुपके रात्री बागेत वेगवेगळ्या जागी ठेवले आणि सकाळी वजन केलं. फळीच्या वर ठेवलेला झुपका भिजून जड झाला, त्याच फळीच्या खाली बांधलेला फारसा नाही. आकाश ज्याला उघडं दिसत होतं तो जास्त भिजला, कारण तोच जास्त गार झाला होता.

दिवसा ऊन खाल्लेली प्रत्येक वस्तू रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडत असते. आभाळ ढगाळ असेल तर ढग त्यातली बरीचशी परत पाठवतात. आकाश निरभ्र असेल तर ती जाते ती जातेच. पान पातळ, त्याच्यात साठा काहीच नाही, त्यामुळे ते आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार पडतं. शांत, स्वच्छ रात्री तीन-चार अंशांनी, कधी पाच अंशांनीही. म्हणूनच हवेचं तापमान दवबिंदूच्या वर असतानाही पान मात्र खाली गेलेलं असतं आणि भिजतं. अंगणात उभ्या गाडीचा टप ओला आणि शेजारचा काळ्या दगडाचा ओटा कोरडा, यामागे हेच. दगड जाड, दिवसाची ऊब रात्रभर आतून पुरवतो. तीच गाडी आंब्याखाली लावली तर टप कोरडा, कारण टपाला आकाशाऐवजी आंब्याचा पाला दिसतो.

मांडव पद्धतीच्या बागेत, म्हणजे वेल डोक्यावर आडव्या तारांवर पसरवतात तिथे, सगळी पानं आकाशाला उघडी पसरलेली असतात. वरचा थर भिजतो, खाली लोंबणारे घड बरेच कोरडे राहतात. ही जमेची बाजू. पण दाट मांडवात तीच ओल सकाळी लवकर निघत नाही, कारण खाली ना ऊन जातं ना वारा. इंग्रजी Y आकाराच्या आधारावर वेल चढवतात त्या वाय पद्धतीत ओळींमध्ये मोकळी पट्टी असते, तिथून सकाळचं कोवळं ऊन आत येतं. मांडव असेल तर विरळणी आणि पानकाढणीत हात आखडू नका. त्याचा फायदा एखाद्या जादा फवारणीइतका असतो असं माझं मत आहे.

आता कादवेकाठचा प्लॉट. गार हवा जड असते. रात्री ती उतारावरून पाण्यासारखी ओघळते आणि खोलगटात साठते. वरच्या माळावर हवा खेळती राहते, खाली तळं होतं. म्हणजे खालचं पान आधीच जास्त गार, त्यात नदी आणि भिजलेल्या शेतांमुळे तिथल्या हवेत वाफ जास्त, दवबिंदू वरचढ. वरच्या प्लॉटला दवबिंदू गाठायला पहाटेचे पाच वाजतात, तर खाली कदाचित रात्री अकरालाच गाठलेला असतो. तुमच्या खालच्या प्लॉटच्या उतरत्या अंगाला शेवरीची किंवा गिन्नीगवताची दाट भिंत असेल तर ती गार हवा अडवून ठेवते. ती मधून मोकळी करा. वाऱ्यासाठी झाडं लावायची असतील तर ती वरच्या बाजूला.

वाऱ्याचंही एक सांगून ठेवतो. वारा जोरात असेल तर वरची ऊबदार हवा खाली घुसळली जाते, दव धरत नाही. पण वारा अगदीच पडलेला असेल तरीही दव थोडंच येतं, पानाजवळची वाफ संपते आणि नवी पोचत नाही. सर्वात जास्त दव मंद झुळकीच्या रात्री, पान जेमतेम हलेल एवढ्या वाऱ्यात.

दव म्हणजे पाणी किती? चांगल्या रात्री मिलिमीटरचा दहावा ते तिसरा हिस्सा. ०.२ मिलिमीटर धरलं तर एकराला साधारण ८०० लिटर. ऐकायला मोठं वाटतं, पण रब्बीच्या वाढत्या पिकाला दिवसाला तीन-चार मिलिमीटर लागतात. ज्वारी दवावर पिकते असं जुनी माणसं म्हणतात. पीक पिकतं ते काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर, दवाने एवढंच होतं की सकाळचे दोन तास पानातून पाणी उडत नाही, साठा थोडा पुरवून वापरला जातो. दवाचा थेट उपयोग बघायचा तर हरभऱ्याकडे बघा. रात्री हरभऱ्यावर स्वच्छ धोतर अंथरायचं, पहाटे पिळायचं. पानावरच्या केसांतून पाझरणारं आम्ल दवात उतरतं, तीच हरभऱ्याची आंब. पोटदुखीवर आजीच्या बाटलीत असायची ती. पहाटे अनवाणी हरभऱ्यातून चाललेल्याचे पाय चुरचुरतात ते याच आम्लाने.

ओलं दिसलं म्हणजे दव असंही नाही. पानाच्या फक्त कडेला, दातऱ्यांच्या टोकांवर एकेक टपोरा थेंब ओळीने असेल आणि मधला भाग कोरडा असेल, तर ते पाणी हवेतून आलेलं नाही. जमीन ऊबदार आणि ओली, वर हवा दमट, अशा वेळी मुळं दाबाने पाणी वर ढकलतात आणि ते कडेच्या छिद्रांतून बाहेर येतं. हे दिसलं तर समजा की पाणी सढळ झालंय. दव मात्र सगळ्या पानावर बारीक दाण्यांसारखं पसरतं आणि हात लावला की त्याची ओघळ होते.

डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा केवडा रोग, त्याच्याशी याचा संबंध ओलीच्या तासांचा आहे. डाऊनीच्या बुरशीला रात्रीची भरपूर आर्द्रता लागते, तेव्हा पानाखाली पांढरी फूट येते. पुढे तिचे बीजाणू पाण्याच्या पापुद्र्यात अक्षरशः पोहत जाऊन रंध्रातून आत शिरतात. हवा २० ते २५ अंशांच्या दरम्यान असेल तर दोन-तीन तासांची ओल पुरते, गार हवेत जास्त तास लागतात. काहीजण विचारतात, दव तर वरच्या बाजूला, आणि द्राक्षाच्या पानाची रंध्रं खालच्या बाजूला, मग काय बिघडलं? पान कागदासारखं पातळ असतं, वरून गार झालं की खालूनही तेवढंच गार. खालच्या बाजूलाही वाफ धरते. संध्याकाळी पाटाने मोकळं पाणी दिलं असेल तर जमिनीतून उठणारी वाफ तर थेट खालच्या अंगालाच चिकटते. म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा (डोळे फुटून कोंब दिसतात ती अवस्था) ते मणी सेटिंगपर्यंत (घडात मणी धरेपर्यंत) पाणी सकाळीच द्यावं, संध्याकाळी नको. भुरी, म्हणजे पानांवर पिठासारखी पसरणारी दुसरी बुरशी, तिचं उलटं आहे. तिला दमट हवा आवडते, उभं पाणी नाही. म्हणजे दव नाही म्हणून डाऊनीची भीती कमी झाली, तरी ढगाळ, दमट आणि कोरड्या पानांच्या दिवसांत भुरीकडे लक्ष हवं. कांद्यावरच्या जांभळ्या करप्यालाही पानावरची लांबलेली ओलच मदत करते.

ओल्या पानावर औषध फवारू नका. द्रावण पातळ होतं आणि निम्मं ओघळून जमिनीत जातं. गंधकाची भुकटी धुरळायची असेल तर मात्र थोडी ओल चालते, भुकटी धरून राहते.

धुक्याचं गणित थोडं वेगळं आहे. दवाला फक्त पान गार व्हावं लागतं, धुक्याला जमिनीलगतची हवाच जाड थराने दवबिंदूपर्यंत उतरावी लागते. दृश्यता एक किलोमीटरच्या आत आली की हवामानशास्त्रात त्याला धुकं म्हणतात, त्याहून जास्त असेल तर विरळ धुकं. थेंबुले इतके बारीक असतात, मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या हिश्श्याचे, की ते तरंगत राहतात. आपल्याकडे त्याची ठरलेली वेळ म्हणजे अवकाळी पाऊस होऊन गेल्यावर आभाळ उघडणारी पहिली-दुसरी रात्र. जमीन भिजलेली, आकाश स्वच्छ, वारा पडलेला. नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळ पट्ट्यात, गोदावरी-कादवेच्या संगमाकडे, ते सर्वात आधी आणि सर्वात दाट दिसतं.

पुष्कळदा असं होतं की सहा वाजता समोरचं सगळं स्वच्छ दिसतं आणि सूर्य उगवल्यावर सव्वासात-साडेसातला एकदम धुकं दाटतं. लोक म्हणतात धुकं उशिरा आलं. होतं असं की सूर्याच्या पहिल्या उन्हाने पानांवरचं दव वाफ होऊन पुन्हा हवेत जातं, थोडी हालचाल सुरू होऊन ती वाफ वरच्या अजून गार असलेल्या थरात मिसळते आणि तिथे थेंबुले होतात. एक-दीड तासात ऊन चढलं की विरतं. पहाटे साडेपाचला पिंपळगाव बसवंतकडे महामार्गावर गाडी काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, निघताना रस्ता मोकळा होता याला फार अर्थ नाही.

गंगापूर धरणाच्या पाण्यावर किंवा रामकुंडाजवळ थंडीत पहाटे वाफा निघताना दिसतात, ते निराळं. तिथे पाणी हवेपेक्षा बरंच ऊबदार असतं, त्याची वाफ वरच्या गार हवेत शिरते आणि तिथल्या तिथे थिजते. कसारा घाटात, इगतपुरीला, अंजनेरी-ब्रह्मगिरीवर पावसाळ्यात जे असतं तो तर सरळ ढग. समुद्रावरून आलेली हवा सह्याद्री चढताना पसरून गार होते आणि ढग डोंगरालाच टेकतो. त्याचा रात्रीच्या निरभ्र आकाशाशी संबंध नाही, म्हणून तो भर दुपारीही असतो.

धुक्याने बागेचं एक भलंही होतं. त्याचा थर जमिनीवर पांघरुणासारखा बसतो, उष्णता आकाशाकडे जाणं कमी होतं आणि तापमानाची घसरण थांबते. दाट धुक्याच्या रात्री हिमाची भीती जवळपास नसते. ओलीची असते.

आता चार अंशांना पांढरं झालेलं गवत. हवामान केंद्राचा तापमापक सावलीच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर असतो. तो हवेचं तापमान सांगतो. त्याच वेळी बांधावरचं गवत जमिनीलगतच्या सर्वात गार हवेत, वर उघडं आकाश, चार-पाच अंशांनी खाली. म्हणजे गवत शून्यावर किंवा त्याखाली. मोबाइल खोटं बोलत नव्हता, तो गवताबद्दल बोलतच नव्हता. त्यात ॲपचा आकडा तुमच्या शिवारातला नसतो. निफाडजवळच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातलं किमान तापमान आणि नाशिक शहरातलं किमान तापमान यांत कित्येकदा दोन-चार अंशांचा फरक असतो. शहरात सिमेंट आणि डांबर रात्रभर ऊब सोडतं.

पांढरं दिसतं ते दोन प्रकारे होतं. दव आधी धरलं आणि मग गोठलं तर काचेसारखे गोल मणी दिसतात. पेपरात ‘दवबिंदू गोठले’ म्हणतात ते हे. दवबिंदूच शून्याखाली असेल तर वाफ पाणी न होता थेट बर्फ होते आणि पिसासारखे, सुयांसारखे पांढरे स्फटिक येतात. भिंग धरून बघा, फरक स्पष्ट दिसतो. सर्वात वाईट तिसरा प्रकार. हवा इतकी कोरडी की पांढरं काहीच धरत नाही, आणि तरी पान शून्याखाली जाऊन आतून गोठतं. सकाळी सगळं नेहमीसारखं, दुपारपर्यंत कोवळी फूट उकडल्यासारखी काळी. हिरवी फूट उणे एक-दोन अंशांना मार खाते.

कोरडी हवा जास्त धोक्याची का? दव धरताना वाफ आपली उष्णता पानाला देऊन जाते, ग्रॅममागे जवळपास अडीच हजार ज्यूल. ०.२ मिलिमीटर दव म्हणजे चौरस मीटरला पाच लाख ज्यूल, निरभ्र रात्रभर जमीन जेवढी उष्णता गमावते त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. दवबिंदू गाठला की तापमानाच्या घसरणीला ब्रेक लागतो. संध्याकाळचा दवबिंदू ८ असेल तर पहाटेचं तापमान सहसा त्याच्या फार खाली जात नाही. दवबिंदू उणे २ असेल, आकाश निरभ्र आणि वारा पडलेला, तर अडवायला मध्ये काहीच नाही. अशी संध्याकाळ दिसली की रात्रीची तयारी करा.

तयारी म्हणजे पाणी. मघाशी संध्याकाळी पाणी नको म्हटलं, इथे मी उलट सांगतोय, कारण इथे धोका बुरशीचा नाही. विहिरीचं, बोअरचं पाणी थंडीतही बरंच ऊबदार असतं, आणि ओली जमीन दिवसाची उष्णता जास्त साठवते. दुपारीच जमीन भिजवून घ्या, वीज असेल तर पहाटे तीननंतर पुन्हा ठिबक सोडा. ओळींमधलं गवत कापून ठेवा, गवत आणि आच्छादन असेल तर जमिनीची ऊब वर येत नाही. शेकोट्या पेटवतात त्याबद्दल दोन शब्द. धुराने पांघरूण होतं ही समजूत चुकीची आहे, धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीची उष्णता त्यांतून जवळपास आरपार जाते. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा आणि हवा घुसळण्याचा. म्हणून ओला पाला जाळून धूर करण्यापेक्षा कोरड्या लाकडाच्या लहान लहान शेकोट्या जास्त ठिकाणी ठेवा. एकच मोठा जाळ केला तर गरम हवा वरचा थर फोडून निघून जाते आणि बाजूची गार हवा आत ओढली जाते. खरं सांगायचं तर आपल्या निफाड पट्ट्यात गोठण्याने बाग जळणं क्वचित. जास्त नुकसान होतं ते दहा अंशांच्या खाली दिवसेंदिवस राहिल्याने मण्यांची फुगवण अडण्याचं, पांढऱ्या जातींत मणी गुलाबी पडण्याचं, आणि पाणी उतरलेले, म्हणजे पिकायला लागून मऊ झालेले, मणी ओले राहून तडकण्याचं. गुलाबी मण्यांसाठी घडांना पेपर लावतात, तो पेपर घडाला उघडं आकाशही दिसू देत नाही, हा वरचा फायदा.

प्लास्टिक आच्छादनाबद्दलही भाऊंनी विचारलंय. त्याखाली पानावर दव धरत नाही, कारण दव प्लास्टिकवर धरतं. पण आतल्या बाजूला धरलेलं पाणी ठिपकत राहिलं तर घडांवर तेच पडतं, तेव्हा उतार नीट द्या. पातळ साध्या पॉलिथिनमधून उष्णता बरीच आरपार जाते, म्हणून निव्वळ थंडीसाठी त्याच्यावर खर्च करू नका, पावसासाठी करत असाल तर ठीक.

आणि पान किती वेळ ओलं राहतं ते टिपणारा पानओलीचा सेन्सर घेणार असाल तर तो खालच्या, कादवेकाठच्या प्लॉटमध्ये लावा, वरच्यात नाही. खांबाच्या टोकावर उघड्यावर नको. घड असतात त्या उंचीला, पानांमध्येच, थोडा तिरका, उत्तरेकडे तोंड करून. पहिल्या पंधरवड्यात रोज सकाळी त्याच्या शेजारचं पान हाताने चाचपा आणि सेन्सर ओलं म्हणतोय तेव्हा पान ओलं आहे का ते वहीत टिपा. फरक तासाभराच्या वर जात असेल तर जागा बदला, सेन्सर नाही.